चौतीस किलोमीटरवरची नात

आजीला बघितलं आणि नातीनं भोकाड पसरलं. एकदम नाही. आधी खालचा ओठ बाहेर आला, मग हनुवटी थरथरली, सगळ्यांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली आणि मगच आवाज फुटला. पोर अवघी आठ महिन्यांची, पण घर डोक्यावर घ्यायच्या कामात तयार होती. आजीनं पुढे केलेले हात हवेतच राहिले आणि पोरीनं विहीणबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"नवीन माणूस दिसलं की असंच करते हो ती," विहीणबाई समजूत घालत म्हणाल्या. बाई स्वभावानं गोड, पोटात एक आणि ओठांत एक असला प्रकार नाही. पण त्यांनी समजूत घातली नसती तर जास्त बरं झालं असतं. पोटच्या मुलीच्या मुलीला आपण नवीन माणूस, ही गोष्ट आजीच्या जिव्हारी लागली ती लागलीच.

या आजीला घराबाहेर सगळे मास्तर म्हणत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. तिथे कापड बेतायचं त्यांनी आणि नमुन्याचा पहिला गणवेश शिवायचाही त्यांनीच. गळ्यात कायम टेप. एकदा त्या टेप गळ्यात घालूनच लग्नाला गेल्या होत्या आणि जेवणं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकी ती त्यांना शोभायची. नातीचे डोळे गोल आणि काळेभोर, म्हणून मास्तरांनी तिला बटण म्हणायला सुरुवात केली. अडचण एवढीच होती की बटण एकीकडे आणि काज चौतीस किलोमीटर लांब.

लेकीच्या गावाला जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या. सकाळी निघालं तर दीडला पोचायचं आणि परतीची शेवटची बस तीनची. त्या दीड तासात पोरीचं रडणं थांबायचं आणि मास्तरांची निघायची वेळ व्हायची. नाहीतर महिन्यातून एकदा जावई गाडी घेऊन न्यायला येणार, संध्याकाळी आणून सोडणार. जावई गुणी होता, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पण बाळाच्या लेखी महिन्याभराची ओळख म्हणजे ओळख नव्हेच.

त्या दिवशी जावयानं गाडीनं आणून सोडलं. घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी यजमानांना सांगितलं, "मी सायकल घेणार आहे."

"कशाला?"

"रोज कारखान्यात जायला. सात किलोमीटर उभ्यानं बसमध्ये लोंबकळायचा मला कंटाळा आलाय. आणि दर शनिवारी बटणाकडे जायला. शनिवारी जाईन, रविवारी येईन."

"चौतीस किलोमीटर? तू? सायकलनं?"

"मग काय तुम्ही पाठुंगळी घेऊन जाणार आहात?"

यजमान वजनमापं खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासलेला माणूस, त्यामुळे घरातल्या डाळीच्या डब्यावरसुद्धा त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. त्यांनी नवी वही घेतली, तीत चौदा सायकलींचा तक्ता आखला आणि प्रत्येकीचं वजन, चाकाची रुंदी, दात, दांडे असं सगळं टिपायला लागले. जावयानं फोनवरून एकवीस गिअरची शिफारस केली, तीही नोंदली गेली. तीन आठवडे झाले तरी तक्ता पुरा होईना.

"तुमचा तक्ता होईपर्यंत पोरगी शाळेत जायला लागेल," मास्तर म्हणाल्या आणि त्यांना उठवून सायकलच्या दुकानात घेऊन गेल्या.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. छताला चाकं टांगलेली, भिंतीवर पाने आकारानं लावलेले, आणि आत शिरल्याबरोबर ग्रीस आणि रबराचा वास. सायकलमिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि बोलण्यात साखर नावालाही नाही.

"काय हवंय?"

"सायकल."

"ते कळलं. दाढी करायला इथे कुणी येत नाही."

मास्तरांना माणूस आवडला. त्यांनी गरज सांगितली, यजमानांनी वही उघडली. मिस्त्रीनं वहीकडे बघितलंही नाही. त्यानं एकवीस गिअरची एक चकचकीत सायकल काढून दिली आणि गल्लीत चक्कर मारून यायला सांगितलं. मास्तर लहानपणी सायकल चालवायच्या, त्यामुळे तोल जायचा प्रश्न नव्हता. पण पाच मिनिटांत त्या परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"हिचा पट्टा घसरतोय."

"सायकलला पट्टा नसतो बाई. साखळी असते."

"तेच ते. मी पाय थांबवले तरी ही आपली पळतेय. पाय उलटे फिरवले तर चाकाला पत्ताच नाही. पायाखाली एक चाललंय आणि मागे भलतंच. आमच्या मशीनचा पट्टा सुटला की असंच होतं."

"त्याला फ्रीव्हील म्हणतात. लोकांना तेच हवं असतं. चार पाय मारायचे आणि आरामात बसायचं."

"आरामात बसायचं असतं तर घरी खुर्ची आहे."

मिस्त्रीनं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. दुकानात शिरल्यापासून त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं ते आत्ता पहिल्यांदा. "काम काय करता?"

"शिवणकाम. पायमशीनवर. कारखान्यात सगळ्यांनी विजेची घेतली, मी माझं सोडलं नाही."

"किती वर्षं?"

"पस्तीस."

तो आत गेला आणि एक काळी सायकल घेऊन आला. इतकी सडपातळ की तिच्यावर बसायचं का तिला खायला घालायचं असा प्रश्न पडावा. "फिक्स गिअर," तो म्हणाला. "मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार. चाक आणि पाय एकमेकांना बांधलेले. उतार असो, वळण असो, पाय थांबवायची सोय नाही. थांबवायला गेलात तर ही तुम्हाला उचलून फेकेल. मागायला येतात त्यांना मी ही देत नाही."

"मी कुठे मागितली?"

"म्हणूनच दाखवतोय."

यजमानांनी वही मिटली. मास्तरांनी मात्र गळ्यातली टेप काढली आणि सायकलीभोवती फिरायला लागल्या. "ब्रेक कुठे आहेत?"

"हिला नसतात. ही गोल मैदानात पळवायची. पायांनीच आवरतात."

"मडगार्ड?"

"बसणार नाही. चाक आणि फ्रेममध्ये बोट जात नाही."

"म्हणजे माया ठेवलेलीच नाही," मास्तर म्हणाल्या. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, आणि माया न ठेवता बेतलेल्या कपड्यांविषयी मास्तरांचं मत फार वाईट होतं. "हा स्टेजवर घालायचा पोशाख झाला. मला रोज घालायचाय. चिखलात, पावसात, पिशव्या लादून. दुसरी आहे?"

दुसरी आकाशी रंगाची निघाली. दिसायला इतकी गोड की यजमानसुद्धा हो म्हणून गेले. मग त्यांनी खिशातून आपला जुना आकड्याचा काटा काढला आणि सायकल दाराच्या कडीला टांगून वजन केलं. मिस्त्री तोंडात बोट घालून बघत राहिला, कारण त्याच्या दुकानात आजवर कुणी घरचा काटा आणला नव्हता. सायकल चांगली साडेचौदा किलो भरली. कॅरिअर लावायला फ्रेमला भोकंच नव्हती. आणि मास्तर तिच्यावरून वळल्या तेव्हा बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. पाय थांबवता येतात त्या सायकलीवर हे चालून जातं. हिच्यावर त्याच क्षणी तोंडावर पडायची पाळी. मास्तर उतरल्या आणि तिला भिंतीला टेकवून मोकळ्या झाल्या.

"आता नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग त्या पोत्याखाली काय आहे?"

दुकानाच्या टोकाला गोणपाटाखालून एक करडं चाक डोकावत होतं. "ती माझी आहे," मिस्त्री पुटपुटला, पण मास्तर तोवर तिथे पोचल्याही होत्या आणि गोणपाट त्यांच्या हातात होतं. करड्या रंगाची पोलादी फ्रेम, रंग साधा, नक्षी नाही. चाकं रुंद, भोवती दोन बोटं जातील इतकी माया. पुढे-मागे दोन्हीकडे ब्रेक. मडगार्डला भोकं, कॅरिअरला भोकं. हँडल उंच, पाठ मोडणार नाही असं. पुढचं चाक बुटापासून चांगलं लांब.

"पुढे बेचाळीस दात, मागे अठरा," मिस्त्री नाइलाजानं सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचा नाइलाज कुठल्या कुठे गेला. "चढावर गुडघे भरून येत नाहीत आणि सपाटीवर पाय पिसाटासारखे फिरत नाहीत. मागच्या चाकाच्या या बाजूला पक्कं चक्र, त्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढून उलटं लावलं की साधी सायकल. ब्रेक दोन ठेवलेत, कारण नुसत्या पायांवर विसंबायला मी वेडा नाही. हिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. साखळीला तेल आणि टायरला हवा, बास. लांबच्या रस्त्याला म्हणून बांधली होती."

"मग गेलात कुठे?"

"राहून गेलं. दुकान सोडून कुठे जाणार? रोज पुसतो."

"किती वर्षं पुसताय?"

"सहा."

"शिवून कपाटात ठेवलेले कपडे कसरीच्या पोटात जातात," मास्तर म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून त्याला खरं ते सांगितलं. नात मला बघून रडते. चूक तिची नाही, मी तिला महिन्यातून एकदा दिसते. मला तिच्या घरातलं माणूस व्हायचंय आणि ते बसनं होत नाही. हे सगळं त्या परक्या माणसासमोर बोलून गेल्या आणि मग उगाच टेपची घडी करत बसल्या.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "आधी चालवून दाखवा," तो म्हणाला.

इकडे यजमानांचा हिशेब झाला होता. "अगं, पेडलच्या एका फेऱ्याला पाच मीटर. म्हणजे लेकीच्या घरापर्यंत सहा हजार आठशे फेरे. एकदाही न थांबता!"

"एवढे तर मी जेवणाच्या सुट्टीआधी मारते," म्हणत मास्तर सायकलीवर बसल्या.

पहिल्या दहा फेऱ्यांतच त्यांना हसू फुटलं. पाय पुढे तर चाक पुढे, पाय सावकाश तर चाक सावकाश. पस्तीस वर्षं पायांना जी सवय होती तीच इथे गोल फिरत होती. गल्लीच्या टोकाला उतार लागला, पेडल आपणहून भराभर फिरायला लागली, आणि मास्तरांचे पाय कुरकुर न करता त्यांच्याबरोबर गेले, जाड कापडावरून पातळ कापडावर आल्यावर मशीन जसं पळतं तसे. वळून त्या परत आल्या तेव्हा चेहरा असा फुलला होता की यजमानांना चाळीस वर्षांपूर्वीची मुलगी आठवली. मिस्त्रीची नजर फक्त पायांवर होती. "शिकवायला लागतात महिने," तो स्वतःशीच म्हणाला.

आणि मग मास्तर थांबायला गेल्या.

पायमशीन थांबवायचं कसं? उजवा हात उचलायचा आणि मशीनच्या डोक्याजवळच्या चाकावर ठेवायचा. हे मास्तरांच्या हाताला इतकं मुरलेलं होतं की डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती. दुकान जवळ आलं तसा त्यांनी हँडलवरचा उजवा हात उचलला आणि हवेत, उजवीकडे, जिथे मशीनचं चाक असायला हवं होतं तिथे, मोठ्या विश्वासानं ठेवला. तिथे काहीच नव्हतं. डाव्या हातानं हँडल ओढलं गेलं, सायकल वळली आणि शेजारच्या गाद्यांच्या दुकानात शिरली.

गाद्यांचं दुकान होतं म्हणून निभावलं. बाहेर उभ्या करून ठेवलेल्या चार गाद्या मास्तरांना घेऊन आडव्या झाल्या. कोपर तेवढं दाराच्या चौकटीला खरचटलं. गादीवाला धावत आला आणि सवयीनं विचारता झाला, "बाई, कशी वाटली? मऊ आहे ना?"

मास्तर गादीवर उताण्या पडून हसत होत्या. यजमान हसत नव्हते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मिस्त्रीनं गाद्यांपेक्षा पायांचं जास्त मनावर घेतलं आणि सायकल दिली. ती घरी आली ती अशी, आणि तिच्यापाठोपाठ घरात बोलणी आली. लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझं वय काय आणि तू करतेस काय?" जावयानं फोन घेतला. "आई, मी पंधरा दिवसांनी एकदा येत जाईन ना न्यायला. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुम्ही फार चांगले आहात," मास्तर म्हणाल्या. "पण आणलेलं माणूस पाहुणा असतो. मला पाहुणी नाही यायचं."

जावई म्हणाला, "हेल्मेट तरी मी देतो." आणि खरंच, दोन दिवसांत हेल्मेट आलं.

हाताची खोड मोडायची तर ती जिथे लागली तिथेच मोडायला हवी, हे मास्तरांनी ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात त्यांनी मशीनच्या चाकाला हात लावणं बंद केलं. मशीन सुरू करायला हात, थांबवायला नाही. थांबवायचं ते पायांनीच, दाब कमी करत करत. पहिल्या दिवशी आठ वेळा दोरा तुटला आणि एक बाही खांद्याऐवजी खिशाला शिवली गेली. शेजारच्या मशीनवरच्या बायकांना करमणूक झाली. मास्तरांचा हात उजवीकडे निघाला की एक जण ओरडायची, "मास्तर, गादी!" आणि हात गपकन मागे यायचा. चौथ्या दिवशी ओरडायची गरज उरली नाही. आठव्या दिवशी मास्तरांनी सुई कापडाच्या अगदी टोकाला, नुसत्या पायांनी, हव्या त्या टाक्यावर थांबवून दाखवली आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या.

मधल्या वेळात त्यांनी जाड निवारपट्टीचे पेडलला लावायचे पट्टे शिवले, म्हणजे पाय निसटणार नाहीत. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या. घोट्याशी अरुंद असलेली एक विजार शिवली, साखळीत अडकायला नको म्हणून.

सोमवारी त्या सायकल घेऊन कारखान्यात जायला निघाल्या. फाटकाबाहेर पडल्या, दोन फेरे मारले आणि सायकल थांबवून खाली उतरल्या.

"अहो! हिचा पट्टा घसरतोय! कुणी केलं हे?"

यजमान दारातच उभे होते. त्यांना वाटलं होतं, गुपचूप मिस्त्रीकडे जाऊन चाक उलटं लावून आणलं तर हिला काय कळणार आहे? दिसायला सायकल तीच, रंग तोच. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या काट्यातली चोरी पकडली, पण स्वतःला चोरी करता येत नव्हती. कान लाल झाले होते.

"पाय थांबवता आले तर बरं, असं वाटलं मला," ते म्हणाले. आणि मग एकदम, "मला भीती वाटते गं. तू त्या गाद्यांमध्ये गेलीस ना, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. तुला काही झालं तर मी या घरात काय मोजत बसू?"

मास्तर भांडायला म्हणून तोंड उघडून उभ्या होत्या, त्यांनी ते मिटलं. एवढ्या वर्षांत या माणसानं असं काही बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि यजमानांना हात धरून आत नेलं. त्या दिवशी कारखान्यात त्या चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या. पस्तीस वर्षांतला हा पहिला उशीर. पण त्या चाळीस मिनिटांत यजमानांनी स्वतःच्या हातानं पाना घेऊन मागचं चाक काढलं, उलटं करून पक्क्या बाजूनं लावलं, साखळीचा ताण पट्टीनं मोजला आणि म्हणाले, "अर्धा इंच ढिली हवी, मिस्त्रीनं सांगितलंय. आता बरोबर आहे." त्या दिवसापासून सायकलीचे सगळे नट त्यांच्या ताब्यात गेले. दर शुक्रवारी संध्याकाळी ते त्यांची तपासणी करत आणि वहीत नोंद ठेवत.

पहिला शनिवार उजाडला. सातला मास्तर निघाल्या. शहर मागे पडलं, गोदामं मागे पडली, मग दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून सरळ रस्ता. त्यांना वाटलं होतं, चौतीस किलोमीटर म्हणजे दमछाक. पण पाय फिरत राहिले आणि मन कुठेतरी मोकळं सुटलं. चढ आला तर उभं राहून पेडल मारायची, उतार आला तर ब्रेकवर बोटं ठेवून पायांना पळू द्यायचं. एका तळ्याकाठी थांबून त्यांनी पाणी प्यायलं, सोबत आणलेली पोळीची गुंडाळी खाल्ली, आणि कुणी बघत नाही असं बघून थोडं गाऊनही घेतलं. साडेनऊला त्या लेकीच्या फाटकात होत्या. लेक धावत आली आणि आईच्या गळ्यातच पडली.

बटणानं मात्र आजीकडे बघितलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं.

"हेल्मेटला घाबरली असेल," जावई म्हणाला. बिचारा सगळ्यांची समजूत घालत होता.

मास्तर हसल्या, पण आतून खट्टू झाल्या. एका खेपेत होणारं काम नव्हे हे त्यांना माहीत होतं, तरी वाटलं होतं खरं. त्या दिवशी त्यांनी बटणाला घ्यायचा हट्ट धरला नाही. तिच्या समोर जमिनीवर बसल्या, तिच्या दुपट्याची उसवलेली कड टिपत राहिल्या, आणि पोर चोरून बघतेय हे माहीत असूनही वर बघितलं नाही. रविवारी सकाळी बटण रांगत त्यांच्या पायापर्यंत आली आणि पिशवीचा बंद तोंडात घालून गेली.

पुढच्या शनिवारी ती रडली, पण अर्ध्यात थांबली. त्याच्या पुढच्या शनिवारी रडलीच नाही, नुसती बघत राहिली. एका शनिवारी पाऊस लागला आणि मडगार्ड असूनही मास्तर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून गेल्या, तेव्हा बटणाला इतकं हसू आलं की तिला उचकी लागली. त्या दिवशी ती मास्तरांच्या मांडीवर आली. पाच मिनिटंच, पण आली. रात्र मात्र विहीणबाईंचीच. झोप आली, भूक लागली, पडलं, झडलं की हात विहीणबाईंकडे. विहीणबाई तिला घेऊन आत जायच्या आणि मास्तर मनाशी म्हणायच्या, आपण अजून पाहुण्याच आहोत. जरा बऱ्यापैकी ओळखीच्या, एवढंच.

दहावा की अकरावा शनिवार असेल, यजमानांच्या वहीत तो नक्की सापडेल. मास्तर नेहमीसारख्या निघाल्या आणि गावाच्या अलीकडे चार किलोमीटरवर मागचं चाक बसलं. काचेचा तुकडा असावा. त्यांनी सायकल झाडाखाली उलटी केली, पाना काढला, नट सैल केले, चाक उतरवलं आणि ट्यूब बाहेर ओढली. काम येत होतं, पण घाईचं नव्हतं. साडेनऊ वाजून गेले, दहा वाजायला आले. हात काळे झाले. ट्यूबवर ठिगळ दाबून धरलेलं असतानाच फोन वाजला. मास्तरांनी तो कोपरानं ढकलून गवतावर ठेवला आणि करंगळीनं सुरू केला.

फोन विहीणबाईंचा होता. त्या कधी फोन करत नसत.

"विहीणबाई, कुठवर आलात?"

"चार किलोमीटर राहिलेत. पंक्चर काढतेय. का हो? बटण बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? पण नवापासून दाराशी जाऊन बसलीय. उठवायला गेलं की अंग ताठ करते. दूध दाखवलं, चमचा-वाटी वाजवली, मी या गुडघ्यांनी घोडा झाले. ढुंकून बघत नाही. मघाशी फाटकावरून कुणी सायकलवाला गेला, तर हिनं दोन्ही हात वर केले. तो पुढे निघून गेला तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला हाकललं."

मास्तरांच्या बोटाखालचं ठिगळ सरकलं. त्यांनी ते पुन्हा जागेवर दाबलं.

विहीणबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का? मला थोडं वाईट वाटलं. रोज मी करते सगळं, आणि ही आज माझ्याकडे यायलाच तयार नाही. म्हटलं, ज्यांची वाट बघतेय त्यांनाच सांगावं."

मास्तरांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि दोन्ही पुसायला हात रिकामे नव्हते. विहीणबाईंना काय वाटत असेल हे या जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, इतकं ते त्यांना कळलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तिला तिथेच बसू द्या. आणि तुम्ही तिच्याशेजारी बसा. मी वीस मिनिटांत येते. आल्यावर आपण दोघी मिळून घोडा होऊ."

"माझे गुडघे आधीच गेलेत हो."

"मग तुम्ही पुढचे पाय व्हा, मी मागचे. माझे पाय पक्के आहेत."

पलीकडे विहीणबाई खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यातच लांबून एक किंचाळी ऐकू आली, आनंदाची, घर डोक्यावर घेणारी. कुणीतरी दुसरंच सायकलवरून फाटकासमोरून चाललं असणार. मास्तरांनी काळ्या हातांनीच डोळे पुसले, चाक बसवलं, साखळी ताणली, नट आवळले आणि निघाल्या.